अमेरिकेतली लढाई आणि खानदेशचा कापूस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हायस्कूलच्या मुलांना जगाचा इतिहास कशाला, आधी आपला तरी धड येऊ द्या, अशा आशयाची पत्रं आपल्या सदरात वाचली. मी खानदेशात ३१ वर्षं इतिहास शिकवला. 'आपला' आणि 'जगाचा' ही वाटणी मला वर्गात कधी जमलीच नाही.

अमेरिकेचं यादवी युद्ध मी लिंकनपासून नव्हे, कापसापासून सुरू करायचो. १८६१ मध्ये तिथल्या उत्तर आणि दक्षिण राज्यांत लढाई पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. मग इंग्रज व्यापाऱ्यांची नजर खानदेश-वऱ्हाडाकडे वळली. भाव असे चढले की मुंबईत पैसा कुठे घालावा कळेना. बँका निघाल्या, समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यातल्याच बॅकबे कंपनीच्या शेअरवर चांगली शहाणीसुरती माणसं तुटून पडली. एप्रिल १८६५ मध्ये तिकडे दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, इकडे कापसाचे भाव गडगडले. १ जुलैला शेअरच्या वायद्यांची मुदत भरली आणि कितीतरी पेढ्यांचं दिवाळं वाजलं.

एकदा हे सांगताना मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आमच्या बापानंपण कापूस घरात भरून ठेवलाय, भाव वाढेल म्हणून." वर्ग हसला. उरलेला तास भाव नेमका ठरवतं कोण, यावरच गेला. धडा अपुरा राहिला, चालायचंच.

या गोष्टीचं शेपूट लांब आहे. तेजीत सढळ हाताने कर्ज देणाऱ्या सावकारांनी मंदीत हात आखडला, त्यात सरकारने शेतसारा वाढवलेला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. एकटा कापूस याला कारण नव्हता, हेही मुलांना सांगावं लागतं. आणि अमेरिकेतल्या त्याच लढाईने तिकडची गुलामी मोडली म्हणून जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक तिकडच्या लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसून जोतीराव तिकडची खबर ठेवत होते. आपण दीडशे वर्षांनी पोरांना म्हणतो, तुला काय करायचंय!

माझी तक्रार पुस्तकापेक्षा प्रश्नपत्रिकेबद्दल आहे. 'कारणे लिहा', दोन गुण, गाइडमधल्या तीन ओळी. जानेवारी उजाडला की मीही 'हे लिहून घ्या'वर यायचो, खोटं कशाला बोलू. त्याऐवजी एक नकाशा आणि १८६० ते १८७० चे कापसाचे भाव छापून द्यावेत आणि विचारावं: खानदेशातल्या शेतकऱ्याने १८६४ मध्ये विहिरीसाठी कर्ज काढलं, त्याचं काय चुकलं? असे पेपर तपासायला वेळ जास्त लागेल. तेव्हा तपासणाऱ्यांचा मोबदलाही मंडळाने वाढवावा.

– एक निवृत्त इतिहास शिक्षक, चाळीसगाव