वाडा इथंही उतरलाय

टू हार्बर्स, मिनेसोटा
9 फेब्रुवारी

संज्या लेका,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. दिवाळीत रानात मेंढ्या बसवल्यास, खताचं काम झालं आणि मेंढक्यांचा वाडा घाट उतरून कोकणात गेला, एवढंच तू बोललास. पण तुझ्यामागं मेंढरं ओरडत होती ना, त्यानं मला आमची हरणं आठवली. हसू नकोस.

आमच्याकडं पांढऱ्या शेपटीची हरणं. उन्हाळाभर वरच्या रानात पांगलेली असतात. मादीचं सगळं फिरणं जेमतेम चौरस किलोमीटरभर, तेच रान दरवर्षी. मग थंडी धरली, बर्फ साचला, की निघाली सुपीरियर सरोवराच्या काठाकडं. कुणी दहा-वीस किलोमीटर चालतं, कुणी चाळीसच्या आसपास. मधेच ऊब पडली तर काही अर्ध्यातून माघारीही फिरतात. एवढं मोठं पाणी लवकर गोठत नाही, म्हणून काठाला बर्फ कमी. वर 40-50 सेंटिमीटर बर्फ झाला की हरणाचं पोट टेकायला लागतं आणि पळणं संपतं. लांडगा मात्र पळतो.

काठावर सीडरची दाट झाडी आहे. पडणारा बर्फ फांद्याच झेलतात. खाली हरणांनी तुडवून तुडवून पायवाटा पाडल्यात, आपल्या शेळ्यांच्या वाटांसारख्या, एका खुराच्या रुंदीच्या. याला इथं ‘डिअर यार्ड’ म्हणतात. आणि सीडरचा पाला खालून एका रेषेत साफ! दोरी धरून कापल्यासारखा. मागल्या दोन पायांवर उभं राहून जिथवर तोंड पोचतं, तिथवर. काही पिल्लांचं तोंड तिथवर पोचत नाही.

त्याच पिल्लांची दया येऊन मी डिसेंबरात एक पोतं मका आणून कुंपणाशी ओतला. चौथ्या दिवशी एक पिल्लू तिथंच मेलेलं, पोट ढोलासारखं फुगलेलं. शेजारचे म्हातारे आले, बघून म्हणाले, मका बंद कर. हिवाळ्यात त्यांच्या पोटातले जंतू काटक्या-साली पचवायला बसलेले असतात. एकदम धान्य पडलं की पोटात आंबतं आणि जनावर भरल्या पोटी मरतं. तशीही ती थंडीत कमीच खातात, हालचालही कमी, अंगावरच्या चरबीवर काढतात. वजन पाचवा हिस्सा उतरलं तरी वसंत गाठतात. ते पिल्लू माझ्याच मक्यानं गेलं का, हे मी म्हाताऱ्यांना विचारलं नाही.

लांडग्यांचं मात्र भारी आहे. 1977 साली डेव्हिड मीच (Mech) या शास्त्रज्ञानं इथल्याच सुपीरियर राष्ट्रीय वनातलं लिहून ठेवलंय: दोन टोळ्यांच्या हद्दींमधल्या पट्ट्यात हरणं जास्त टिकतात, कारण तिथं शिकारीला जायचं म्हणजे शेजारच्या टोळीशी गाठ पडायची भीती. बांधाच्या भांडणात गवत वाचावं तसं! तुला आणि तुझ्या चुलत्यांना हे सांगायलाच नको.

काठाला जायची वाट पिल्लू आईमागं पहिल्याच वर्षी चालून शिकतं, आणि पुढं जन्मभर तीच धरतं. मधे हमरस्ता 61 आला तरी तीच. गेल्या आठवड्यात रात्री माझ्या गाडीपुढून पाच गेली, ओळीनं. पुढची थांबून दिव्यांकडं बघत उभी राहिली, मागची निघून जाईपर्यंत. मी हॉर्न वाजवला नाही.

मिरगाआधी वाडा माघारी येईल तेव्हा त्या म्हाताऱ्या मेंढक्याला एक विचार: घाट कुठल्या दिवशी सोडायचा हे तो ठरवतो, की मेंढरं? आणि उत्तर त्याच्याच आवाजात पाठव.

तुझा,
बंड्या