रंगवलेल्या किटलीतून चहा नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या बाजारातली भांडी रंगवून घर सजवण्याबद्दलचा लेख वाचला. फोटो झकास आहेत. पण एका फोटोत वारली चित्रं काढलेल्या ॲल्युमिनियमच्या किटलीतून चक्क चहा ओतला जातोय, आणि किटलीची चोच आतपर्यंत लाल रंगलेली! ते पाहून राहवलं नाही म्हणून हे पत्र.

मी लालबागचा. सगळी हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली. फ्लेक्स आला आणि आमचे ब्रश खुंटीला लागले. आता चोरबाजारातून किटल्या, डबे, किसण्या, झारे आणतो आणि गॅलरीत रंगवत बसतो. शुक्रवारी तिथल्या मटण स्ट्रीटची पक्की दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर पथाऱ्या लागतात, तेव्हा अशी भांडी स्वस्तात मिळतात. रंगवलेला माल सून दादरला प्रदर्शनात विकते. तेव्हा मला या हौसेचा वैरी समजू नये, आमचीही चूल थोडीफार त्यावर पेटते.

लेखात ‘घासा आणि रंगवा’ म्हणून काम उरकलंय. खरी मेहनत घासण्यातच आहे. लोखंडी झाऱ्यावरचा तेलाचा जुना चिकटा धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात सुटतो. त्याच पाण्यात ॲल्युमिनियम टाकलं तर ते काळं पडतं आणि सोडा त्याला खातो, त्याला साधा भांड्यांचा साबणच बरा. मग २२० नंबरचा पॉलिश पेपर मारायचा, थिनरच्या फडक्याने पुसायचं आणि प्रायमर लावायचा. ॲल्युमिनियमचा प्रायमर वेगळा असतो, हार्डवेअरवाल्याकडे तसा मागून घ्यावा. थेट ॲक्रिलिक फासलं तर एका पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. रंगाचे हात दोन द्यावेत, तेही पातळ. आणि आपल्या मुंबईच्या हवेत ऑइल पेंटचं काम जून-जुलैत काढूच नये, श्रावणातला डबा गणपतीपर्यंत हाताला चिकटतो.

आता मुद्द्याचं. रंग हा भांड्याच्या बाहेरून लावायचा. आतून नाही, चोचीला नाही, ओठ लागतो त्या काठालाही नाही. काठाखाली दोन बोटं जागा कोरी सोडावी. रंगवलेलं भांडं गॅसवर तर चढवूच नये. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत विषारी शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नको, असा केंद्राचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. पण कारखान्यांसाठीचे रंग त्यात येत नाहीत, आणि सुट्या डब्यातला रंग कुठला, हे विकणाराही सांगू शकत नाही. शिवाय शिसं नाही म्हणजे रंग खायला चांगला, असं थोडंच आहे?

जुन्या बाजारातून आधीच रंगवलेला डबा आणला तर जास्त जपावं. आमच्या वेळी लोखंडी पाटीला आधी रेड लेडचा हात द्यायचो, ते शिशाचंच. पाट्यांवरची पिवळीधमक अक्षरं ज्या क्रोम येलोची, तोही शिशाचा. असा जुना रंग कोरडा घासला की धूळ नाकात जाते. पाणी मारून वॉटर पेपरने, म्हणजे ओल्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरने, घासावा, निघालेला गाळ कागदात गुंडाळून टाकावा आणि लहान पोरांना तेवढा वेळ शेजाऱ्यांकडे पाठवावं.

पितळेबद्दल मात्र माझं मत कडक आहे. मागे एका प्रदर्शनात पितळेचा उभा डबा पाहिला, मोरपिशी रंगवलेला. झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवला तर रंगाखाली बारीक ठिपके लागले. उजेडाकडे तिरपा धरला तेव्हा ‘यांजकडून सप्रेम भेट’ एवढं वाचता आलं, देणाऱ्याचं नाव रंगात बुजलेलं. विकणाऱ्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, “काका, ते खडबडीत दिसत होतं.” काय बोलणार! पितळेला चिंच-मीठ लावा, आतून कल्हई करून घ्या, डबा पुन्हा स्वयंपाकघरात येतो. रंगच लावायचा असेल तर पत्रा, लोखंड, ॲल्युमिनियम ढिगाने पडलंय.

प्रदर्शन भरवणाऱ्यांनी प्रत्येक रंगवलेल्या भांड्याला एक चिठ्ठी बांधायला लावावी: शोभेचं की वापरायचं, आणि कुठला रंग. आमच्या मालाला आम्ही बांधतो. ती वाचून काही गिऱ्हाइकं भांडं खाली ठेवतात, म्हणून सून कुरकुरते, पण चिठ्ठी काढत नाही. आपणही पुढच्या पुरवणीत त्या फोटोबद्दल दोन ओळींचा खुलासा छापावा, ही विनंती. किटलीत मनी प्लांट लावलेला फोटो हवा असेल तर आमच्या गॅलरीतला पाठवतो.

– एक जुना पाटी-रंगारी, लालबाग, मुंबई