मॅनेजरांशी अखेर बोलणे झाले

नाशिक,
रविवार, दुपार

प्रिय अभिजित,

सप्रेम नमस्कार.

गंगापूर रोडच्या त्या क्लबच्या मॅनेजरांशी डीजे बूथमधल्या यंत्रांविषयी अखेर माझे सविस्तर बोलणे झाले, आणि ते कोणाला सांगावे असा विचार केला तेव्हा तुझ्याखेरीज दुसरे नाव सुचले नाही. इथे बाकी कोणाला सांगितले तर ते म्हणतात, पैसे मिळतात ना, मग वाजव आणि घरी जा. आमच्याकडे सगळे ठीक आहे. आईचा गुडघा दुखतो, माझा खोकला गेला.

यंत्रे तुला ठाऊक आहेत. पायोनियरचे पहिल्या पिढीचे सीडीजे-२००० प्लेअर, म्हणजे २००९ साली आलेले तेच दोन, आणि त्यांच्यामध्ये डीजेएम-८०० मिक्सर. यंत्रे जुनी आहेत याबद्दल माझी तक्रार नाही. नीट राखलेली ही जोडी मी आजही आनंदाने वाजवीन. तक्रार आहे ती त्यांची काळजी कोणीच घेत नाही याची. डाव्या प्लेअरचे क्यूचे, म्हणजे गाणे ठरलेल्या जागी आणण्याचे, बटण एकदा दाबून लागत नाही, आणि मग ते अचानक दोनदा लागते. उजव्याचा पिच, म्हणजे गाण्याचा वेग, हात न लावताही थोडा थोडा सरकत राहतो. मिक्सरच्या दुसऱ्या चॅनेलचा फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करण्याची सरकती कळ, वर नेताना खरखरतो आणि मध्यावर एका जागी आवाज पूर्ण नाहीसा होतो. दोन्ही प्लेअर जोडणाऱ्या लॅन वायरची क्लिप तुटलेली आहे, त्यामुळे एका पेनड्राइव्हवर दोन्हीकडे वाजवता वाजवता जोडणी सुटली की पुढचे गाणे चढवता येत नाही. बूथ मॉनिटरचा अॅम्प जळला तेव्हापासून तो स्पीकर कोपऱ्यात पडून आहे आणि त्याच्यावर वेटर ट्रे ठेवतात.

मी हे सारे आजवर सांभाळून घेत आलो, कारण कुठे काय दबते आणि कुठे काय अडते हे माझ्या बोटांना पाठ झाले आहे. पण बाळासाहेब साऊंडवाल्यांचा भाचा, ओंकार, आता तिथे सुरुवातीचे दोन तास वाजवतो. मागच्या शनिवारी तो दुसरा चॅनेल चढवत असताना फेडर त्या मेलेल्या जागी अडकला आणि भरल्या हॉलमध्ये आवाज गेला. लोक ओरडले, कोणी शिट्ट्या मारल्या, आणि मॅनेजरांनी माईक घेऊन "आमचा डीजे नवीन आहे, समजून घ्या" असे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी त्याला निरोप गेला की पुढच्या शनिवारी येऊ नकोस.

त्र्यंबक रोडवरची तुझी ती रात्र मला लगेच आठवली. तेव्हा आपण दोघेही गप्प राहिलो होतो, तू काही बोलला नाहीस आणि मलाही तू बोलू दिले नाहीस, आणि त्यानंतर तू हेडफोन पिशवीत टाकलेस ते टाकलेसच. ओंकारचे तसे होऊ नये, एवढ्याच एका गोष्टीसाठी मी बोलायला गेलो.

बुधवारी दुपारी गेलो, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या असतात त्या वेळी. शनिवारी रात्री गर्दीत मॅनेजरांना यंत्रांविषयी सांगणे म्हणजे त्यांना चारचौघांत दोष देणे होते, हे तू मला फार पूर्वी शिकवले आहेस. हे गृहस्थ वाईट नाहीत. स्वयंपाकघरापासून वर आलेले आहेत, नोकरांचे पगार वेळेवर देतात आणि माझ्याशी नेहमी आदराने बोलतात. त्यांचा पहिला प्रश्न मात्र तोच होता: "गिऱ्हाइकाला काय फरक कळतो? गेल्या महिन्यात मुंबईचे डीजे आले होते, त्यांनी तर उत्तम वाजवले." मी शांतपणे म्हणालो की साहेब, त्यांनी आधी लेखी रायडर, म्हणजे लागणाऱ्या सामानाची यादी, पाठवला होता, त्यात सीडीजे-३००० लिहिले होते, आणि तुम्ही त्या एका रात्रीसाठी दोन प्लेअर आणि मिक्सर भाड्याने आणले होते, सकाळी टेम्पो ते परत घेऊन गेला आणि त्याच संध्याकाळी ओंकार या जुन्या जोडीसमोर उभा राहिला. ते थोडे थांबले आणि म्हणाले, "ते भाडे कार्यक्रमाच्या बिलात धरले होते." अभिजित, वीकेंडला मुंबई-पुण्याहून द्राक्षमळे बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी जे आणता येते ते इथल्या मुलांसाठी आणता येत नाही, हे मला फार लागले.

मग त्यांनी दुसरा मुद्दा काढला, की आता तर बटण दाबले की बीट आपोआप जुळते. मी सांगितले की या मालिकेत सिंकचे बटण २०१२ च्या नेक्सस प्लेअरपासून आले, तुमच्याकडच्या प्लेअरवर ते नाहीच. इथे बीट कानानेच जुळवावी लागते, आणि कानाला बूथमध्ये स्वतःचा स्पीकर लागतो. हे त्यांना पटले नाही, म्हणून मी त्यांना बूथमध्ये बोलावले. एक साधे, १२५ बीपीएमचे, म्हणजे मिनिटाला १२५ ठोक्यांचे, गाणे लावले, त्यांच्या एका कानावर हेडफोन दिला आणि दुसरा कान हॉलकडे मोकळा ठेवायला सांगितला. मुख्य स्पीकर बूथपासून जवळजवळ दहा मीटर पुढे आहेत, आणि आवाज एका सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे हॉलमधला ठोका आपल्यापर्यंत साधारण २९ मिलिसेकंद उशिरा येतो. त्या गतीला दोन ठोक्यांमध्ये ४८० मिलिसेकंद असतात. आकडा लहान दिसतो, पण कानाला तो लपत नाही. मॅनेजर म्हणाले, "हे गाणे दोनदा का वाजते आहे?" मी म्हणालो की गाणे एकच आहे, आणि ओंकार दर शनिवारी यातल्या उशिरा येणाऱ्या ठोक्यावर हेडफोनमधले पुढचे गाणे जुळवतो, त्यामुळे त्याला जुळलेले वाटते तेव्हा खाली नाचणाऱ्यांना ते सुटलेले ऐकू येते. त्यांनी हेडफोन काढला नाही. मी पुढचे गाणे लावून दुसरा फेडर त्यांच्याच हातात दिला आणि वर न्यायला सांगितला. आवाज त्याच ठिकाणी गेला. त्यांनी तो तीन-चार वेळा वरखाली करून पाहिला आणि मग हळूच विचारले, "त्या दिवशी हेच झाले होते का?" तुला तिथे उभे करायला हवे होते.

इथे तू म्हणशील, "म्हणूनच मी सांगत होतो, लॅपटॉपला जोडायचा आपला कंट्रोलर आपल्या पिशवीत असावा." ते भांडण मला पूर्ण पाठ आहे. त्यावरून आपण द्वारकेपासून नाशिकरोडपर्यंत एका स्कूटरवर एकमेकांशी अवाक्षर न बोलता गेलो होतो, आणि उतरल्यावर तूच पहिल्यांदा तोंड उघडलेस ते मिसळ कुठे खायची हे विचारायला. पण माझे मत आजही तेच आहे. कंट्रोलरने माझी रात्र निभावेल. ज्या मुलाकडे एक पेनड्राइव्ह आणि उसने हेडफोन आहेत त्याची निभावणार नाही. शिवाय दोन डीजेंच्या मध्ये मिक्सरच्या मागे हात घालून वायरी काढायच्या म्हणजे पुन्हा हॉल गप्प. बूथ असा असावा की कोणीही यावे, पेनड्राइव्ह लावावा आणि वाजवावे.

लाल दिव्यांचाही विषय निघाला. "आवाज कमी पडतो, वाढवा" असा निरोप दर अर्ध्या तासाने येतो, मुले मिक्सरचे सगळे दिवे लाल होईपर्यंत गेन वाढवतात, आणि उजव्या टॉप स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे बारीक, उंच आवाज काढणारा भाग, दोनदा जळाला आहे. मॅनेजरांचा समज होता की स्पीकर हलके आहेत. मी त्यांना समजावले की मर्यादेबाहेर ढकललेल्या आवाजाच्या लाटेचा माथा सपाट कापला जातो, त्यातून निघणारी जादा वरची कंपने ट्वीटरची बारीक कॉइल तापवतात, आणि आवाज मोठा न होता नुसता फाटतो. मुलेही हा गेन बरेचदा स्वतःला नीट ऐकू यावे म्हणून वाढवतात. मिक्सरला बूथचे वेगळे आउटपुट आणि वेगळी कळ आहे, मॉनिटर चालू झाला की हॉलचा आवाज उलट कमी ठेवता येईल. ही गोष्ट त्यांना सर्वांत लवकर पटली, कारण शेजारच्या सोसायटीच्या तक्रारीची त्यांना सतत धास्ती असते, आणि ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतली रात्री दहाची मर्यादा त्यांना तोंडपाठ आहे. बारच्या फ्रीझरच्याच बोर्डावर मिक्सर लावलेला आहे, अर्थिंग नाही, म्हणून हॉल शांत असताना ती ५० हर्ट्झची घुमघुम ऐकू येते, तेही दाखवले.

निष्पन्न काय झाले ते सांगतो. अर्थिंग, वेगळा बोर्ड आणि नवी लॅन वायर या गोष्टी ते लगेच करणार आहेत. फेडर आणि क्यूचे स्विच यांचे सुटे भाग मी मागवायचे आणि बिल त्यांना द्यायचे असे ठरले. मॉनिटरच्या अॅम्पसाठी मात्र मालकांची परवानगी लागेल, आणि तसे पत्र मी लिहून द्यावे असे ते म्हणाले. नव्या प्लेअरचा विषय मी काढलाच नाही. तो काही लाखांचा विषय आहे आणि त्यापायी बाकीचे सगळे अडून बसले असते.

ओंकारबद्दल ते "बघू" म्हणाले, आणि मला झोप लागत नाही ती या शब्दामुळे. यंत्रे दुरुस्त होतील, पण माईकवरून सांगितलेले वाक्य परत कसे घ्यायचे? मी त्यांना स्पष्ट म्हणालो की चूक फेडरची होती हे तुम्ही स्वतःच्या हाताने पाहिले आहे, तर ते त्या मुलाला तुम्हीच सांगा, माझ्याकडून ते कळण्यात अर्थ नाही. ते यावर काही बोलले नाहीत. माझा आग्रह जास्त झाला असे तुला वाटते का? खरे सांग, कारण त्या जागी उभे राहिलेल्यांपैकी मला तुलाच विचारता येते. ओंकार फोन उचलत नाही, आणि बाळासाहेब म्हणतात की त्याने हेडफोन परत करायला दिले आहेत. तू त्याला एकदा फोन करशील का? माझ्यापेक्षा तुझे ऐकेल.

बाबांचे ऑपरेशन नीट झाले हे दादाकडून कळले, फार बरे वाटले. घराचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार, चिनूला आशीर्वाद.

मालकांना द्यायच्या पत्राचा मसुदा सोबत पाठवत आहे, त्यातली भाषा कडक झाली असेल तर दुरुस्त कर. आणि नाशिकला कधी येतोस ते कळव. शक्यतो बुधवार धर, चारपर्यंत बूथ आपल्याला मोकळा मिळतो. येताना तुझे बारीक टोकाचे सोल्डरिंग आयर्न आण. माझ्याकडचे जाड आहे, त्याने क्यूच्या स्विचशेजारची सर्किटवरची तांब्याची पट्टी उचलली जाईल.

तुझा,
मकरंद