टाळेबंदीतील किट कार आणि घर

महोदय,

२३ मार्च २०२० रोजी ब्रिटनमध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा ज्यांच्या गॅरेजमध्ये लोटस सेव्हन या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीची अर्धवट जुळवलेली किट कार (सुटे भाग आणून घरीच जुळवायची गाडी) वर्षानुवर्षे पडून होती, त्यांना अखेर हवा तेवढा वेळ मिळाला, असे येथे कौतुकाने सांगितले जाते. ते मला अपुरे वाटते. वेळ गाडीमालकाला मिळाला. जेवणाच्या टेबलावर पसरलेले वायरिंग आणि मुलांची ऑनलाइन शाळा चालू असताना घरघरणारे ड्रिल मात्र साऱ्या कुटुंबाने सोसले. शिवाय गाडी जुळली म्हणजे रस्त्यावर आली असे नव्हे. नोंदणीपूर्वी तिला सरकारी तपासणीत उत्तीर्ण व्हावे लागते. १९७३ पर्यंत घरी जुळवायच्या गाडीच्या सुट्या भागांवर खरेदीकर नसल्याने या खटाटोपात निदान बचत तरी होती (घरच्यांना पटवायला तेवढे पुरे!), आता ती सबबही उरलेली नाही.

— एक मराठी वाचक, कॉव्हेंट्री