अंतराळवीराचे आरोग्य एका पट्टीत मावत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात अठरा दिवस राहून १५ जुलै २०२५ रोजी पृथ्वीवर परतले. तेव्हापासून मुलांमध्ये अंतराळाविषयी जागे झालेले कुतूहल लक्षात घेऊन, अंतराळवीरांच्या आरोग्यावर शैक्षणिक व्हिडिओ गेम तयार करण्याचा विचार काही तरुण करीत आहेत. माझा भाचा त्यांपैकी एक. तो पुण्यात संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी गेमचा कच्चा आराखडा मला तपासायला दिला, कारण मी मिरजेत गेली बावीस वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या माणसांना पुन्हा पायांवर उभे करणे हे माझे रोजचे काम आहे. आराखडा वाचताना जे मनात आले ते अशा गेमचा विचार करणाऱ्या इतरांनाही उपयोगी पडेल, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

त्या आराखड्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल पट्टी होती. मुले तिला ‘हेल्थ बार’ म्हणतात. यानावर उल्का आदळली की ती घटायची आणि तरंगणारी औषधाची पेटी पकडली की पुन्हा भरायची. लढाईच्या गेममध्ये अशी पट्टी खपून जाते. अंतराळवीराच्या शरीराबाबत मात्र ती मुलांना नेमके उलटे शिकवते, कारण तिथले बहुतेक बिघाड आघाताने होत नाहीत. ते सावकाश, वेदनेशिवाय आणि प्रत्येक अवयवात वेगळ्या गतीने होतात, आणि त्यांतले काही कोणत्याही औषधाने भरून निघत नाहीत.

हाडांचेच उदाहरण घ्यावे. पायांवर भार पडत राहतो म्हणून आपली हाडे स्वतःला बांधत राहतात. भार संपला की शरीर त्यांतले कॅल्शियम काढून टाकू लागते. खाटेवर पडून राहिलेल्या रुग्णांत मी हे वर्षानुवर्षे पाहत आले आहे. वजनरहित अवस्थेचा जमिनीवर अभ्यास करतानाही शास्त्रज्ञ खाटेचाच आधार घेतात. जर्मनीत कोलोन येथे २०१९ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना, डोके पायांपेक्षा सहा अंश खाली ठेवून, सलग साठ दिवस झोपवून ठेवले होते. जेवण, आंघोळ, सगळे आडवे राहूनच. प्रत्यक्ष अंतराळात पुरेसा व्यायाम झाला नाही, तर कंबर आणि खुब्याच्या हाडांची घनता महिन्याला साधारण एक ते दीड टक्क्याने घटते. पाळी थांबल्यानंतर एखाद्या स्त्रीची हाडे वर्षभरात जेवढी झिजतात, तेवढी झीज तिथे धडधाकट तरुणाच्या शरीरात एका महिन्यात होऊ शकते. हे मी भाच्याला सांगितले तेव्हा त्याने विचारले, “पण आत्या, हाड दुखतच नसेल तर खेळणाऱ्याला कळणार कसे?” मला वाटते, अशा गेमची सगळी रचना या एका प्रश्नावर उभी राहायला हवी. खेळणाऱ्याला ते आपोआप कळताच कामा नये. त्याने वेळ काढून तपासणी केली तरच कळावे, आणि तपासणी टाळली तर हाडांचा हिशेब त्याच्या नजरेआड चालू राहावा.

म्हणून या गेममधले चलन नाणी किंवा हिरे नसावे. ते तास असावेत. स्थानकावर दिवसाला सुमारे दोन तास व्यायामासाठी राखलेले असतात आणि झोपेसाठी साडेआठ तास ठेवलेले असतात, पण अंतराळवीरांची प्रत्यक्ष झोप बहुधा सहा तासांच्या आसपासच होते. उरलेल्या वेळात प्रयोग, दुरुस्ती, साफसफाई, जमिनीवरच्या केंद्राशी बोलणे असते. मुलाने एखाद्या दिवशी व्यायाम सोडून प्रयोग पूर्ण केला तर त्या दिवशी त्याला गुण जास्तच मिळावेत. शिक्षा लगेच होऊ नये, कारण शरीरही लगेच शिक्षा करीत नाही. साठाव्या दिवशी पोटऱ्यांची ताकद किती उरली आहे हे दिसले म्हणजे आपण काय निवडत गेलो, ते मुलाच्या ध्यानात येईल. आमच्या रुग्णांना ‘रोजचे वीस वेळा पाय उचलणे’ इतके नकोसे का वाटते, तर ते केल्याचा फायदा आज दिसत नाही म्हणून. गेममध्ये महिने काही मिनिटांत सरकवता येतात, आणि मला वाटते गेम या माध्यमाची खरी ताकद इथे आहे.

व्यायामाची यंत्रे तर मुलांना हमखास आवडतील. जिथे वजनच जाणवत नाही तिथे वजन उचलायचे कसे, हे कोडे २००८ मध्ये स्थानकावर पोहोचलेल्या यंत्राने सोडवले: त्यात दट्ट्या निर्वात नळकांड्यातून बाहेर ओढावा लागतो आणि त्याचा विरोध २७० किलोपर्यंत नेता येतो. पळण्याच्या पट्ट्यावर (ट्रेडमिलवर) अंतराळवीराला खांद्या-कमरेला बांधलेल्या पट्ट्यांनी खाली ओढून धरावे लागते. सुनीता विल्यम्स यांनी एप्रिल २००७ मध्ये अशाच पट्ट्यावर बोस्टन मॅरेथॉनचे अंतर पूर्ण केले. मुलांना हे यंत्र चालवून पाहू द्यावे, ताण कमीजास्त करू द्यावा. केवळ बोटाने बटण बडवून ‘व्यायाम झाला’ असे दाखवू नये.

बाकी अवयवांची वागणूक निराळी आहे आणि तीही तशीच दिसावी. मळमळ आणि डोके गरगरणे बहुतेकांना पहिल्या दोन-तीन दिवसांत गाठते आणि पुढे आपोआप ओसरते. (राकेश शर्मा यांनी १९८४ मध्ये साल्युत ७ या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर योगासनांचा प्रयोग केला, तो याच त्रासाच्या संदर्भात, हा प्रसंग गेममध्ये जरूर यावा, फक्त आसन केले की मळमळ नाहीशी, असा सोपा मंत्र त्यातून देऊ नये.) पायांकडचा द्रव छाती आणि डोक्याकडे सरकतो, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, पाय बारीक होतात, आणि काही महिन्यांनी काहींच्या डोळ्यांतील मज्जातंतूच्या टोकाला सूज येऊन जवळचे अंधूक दिसू लागते. हाडांतून निघालेले कॅल्शियम लघवीवाटे जाते, म्हणून मूतखड्याचा धोका वाढतो आणि पाणी पिणे हीच तिथे एक मोठी जबाबदारी होते. किरणोत्साराचा हिशेब मात्र एकाच दिशेने चालतो. जमिनीवर वर्षभरात निसर्गतः जेवढा मिळतो, तेवढा स्थानकावर साधारण आठवड्याभरातच मिळतो. नासाने संपूर्ण कारकिर्दीसाठी ६०० मिलिसिव्हर्टची (मिलिसिव्हर्ट हे किरणोत्साराची मात्रा मोजण्याचे एकक) मर्यादा घातली आहे. ही एकच नोंद गेममध्ये कधीही मागे फिरू नये.

एक पातळी तर प्रत्यक्ष घडलेल्या घटनेवर बेतता येईल. जानेवारी २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, मोहीम सुरू होऊन सुमारे दोन महिने झालेले असताना एका अंतराळवीराच्या मानेतील शिरेत रक्ताची गुठळी आढळली. त्याला कोणतेही लक्षण नव्हते. संशोधनासाठी चाललेल्या सोनोग्राफीत ती योगायोगाने दिसली. स्थानकाच्या औषधपेटीत रक्ताची गुठळी वाढू न देणाऱ्या इंजेक्शनचा साठा मोजका होता, गोळ्या पुढच्या मालवाहू यानातून यायच्या होत्या, आणि वजनरहित अवस्थेत कुपीतून द्रव सुईत ओढणे हेही कठीण काम होते. डॉक्टर जमिनीवरून सांगत होते आणि अंतराळवीर स्वतःच्या मानेवर यंत्र फिरवून गुठळी तपासत होता. उतरण्याच्या काही दिवस आधी औषध थांबवले गेले. यात शत्रू नाही, स्फोट नाही, तरीही साठा पुरवत दिवस काढण्यातला ताण कोणत्याही लढाईपेक्षा कमी नाही. मंगळाच्या वाटेवर तर डॉक्टरांचा शब्द पोहोचायलाच वीसेक मिनिटे लागू शकतात, तेव्हा पुढच्या पातळ्यांसाठीही इथे भरपूर वाव आहे.

आराखड्यातली एक चूक मला गंभीर वाटली आणि ती पाठ्यपुस्तकाबाहेरच्या बहुतेक मराठी लिखाणातही आढळते. ‘स्थानकावर गुरुत्वाकर्षण नसते’ असे वाक्य पहिल्याच पडद्यावर होते. चारशे किलोमीटर उंचीवर पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे नव्वद टक्के असते. स्थानक आणि त्यातली माणसे सतत पृथ्वीभोवती पडत राहतात, म्हणून वजन जाणवत नाही. दोर तुटलेल्या बादलीतले पाणी विहिरीत पडताना बादलीच्या तळावर दाब देत नाही, तसेच. ‘शून्य गुरुत्व’ हा शब्द सोडून ‘वजनरहित अवस्था’ हा शब्द घेतला, तर निम्मा गैरसमज टळेल. मुलाला हे उमगले नाही, तर त्याला हाडे का झिजतात हेही उमगणार नाही.

बहुतेक गेम यान उतरले की संपतात. इथे खरी परीक्षा तेव्हा सुरू व्हावी. परतल्यावर शुक्ला यांना हातातला मोबाइल जड वाटला, आणि लॅपटॉप तरंगत राहील असे समजून त्यांनी तो पलंगाच्या कडेवरून सोडून दिला, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा पुन्हा जुळवून घेईपर्यंत उभे राहणेही शिकावे लागते. या ठिकाणी गेमने मुलाला फोन टेबलावर ठेवायला सांगावे आणि भिंतीजवळ डोळे मिटून एका पायावर उभे राहायला लावावे. तोल म्हणजे काय हे त्याला कोणत्याही चित्राशिवाय समजेल. हाडांची कथा तर याहून लांब चालते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सतरा अंतराळवीरांपैकी नऊ जणांच्या नडगीचे हाड परतून वर्ष झाल्यावरही पूर्ववत झालेले नव्हते. शेवटी ‘सर्व काही ठीक’ असा हिरवा पडदा दाखवायचा मोह टाळावा, एवढीच विनंती.

गगनयानातून तीन भारतीय सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर तीन दिवस राहणार आहेत. तोपर्यंत असे गेम मराठीत तयार व्हावेत, साध्या फोनवर आणि इंटरनेटशिवाय चालावेत, त्यात जाहिराती आणि खरेदीची प्रलोभने नसावीत. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि विज्ञान शिक्षक यांना पहिल्या आराखड्यापासून बरोबर घ्यावे. गेम पूर्ण झाल्यावर फक्त शब्द तपासायला बोलावले, तर लाल पट्टी तशीच राहते. भाच्याच्या मंडळींनी ती आता काढली आहे आणि तिच्या जागी शरीराच्या तपासणीच्या नोंदींची एक वही ठेवली आहे, जी उघडायला गेममधली दहा मिनिटे खर्च करावी लागतात. मिरजेतल्या एका शाळेतील सातवीच्या मुलांनी तो भाग खेळून पाहिला तेव्हा बहुतेकांनी पहिल्या खेळीत वही उघडलीच नाही. दुसऱ्या खेळीत मात्र प्रत्येकाने ती पहिल्याच दिवशी उघडली.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट वाचक, मिरज