देवघरातला समुद्र

संपादक महोदय,
मागच्या रविवारी भाच्याला घेऊन धार जिल्ह्यातल्या बाघच्या गुंफा बघायला गेलो होतो, परतताना चहाच्या टपरीमागे चुनखडीच्या ढिगात त्याला एक चपटा दगड सापडला, पोह्याच्या बशीएवढा, कडेने झिजलेला पण मधली गुंडाळी स्पष्ट. थोडं पाणी टाकून पुसला तर वर पानाच्या कातरीसारख्या बारीक नागमोडी रेघा दिसल्या. अमोनाइट, म्हणजे दगड झालेला एक जुना समुद्री शंख! साधारण 9 कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या ह्या पट्ट्यात समुद्र आत शिरला होता, त्यातला हा प्राणी, गोगलगाय नव्हे बरं का, माखळीचा (भुजांनी भक्ष्य पकडणारा मऊ अंगाचा समुद्री जीव) नातेवाईक. त्या रेघा म्हणजे शंखाच्या आतल्या कप्प्यांच्या भिंतींच्या खुणा. आईने बघितल्याबरोबर "अरे हा तर शाळिग्राम" म्हणून देवघरात ठेवायला घेतला, आणि ती काही फार चुकली नाही कारण नेपाळच्या गंडकी नदीतले शाळिग्रामही अमोनाइटच, फक्त आणखी जुने.
पण टपरीवाला म्हणाला अशा दगडांची सरसकट गिट्टी होते, कोणी विचारत नाही. धार जिल्ह्यात डायनासोरची अंडी लोक कुलदेवता म्हणून पुजत होते ती बातमी 2023 मध्ये सगळीकडे गाजली, मग ह्या शंखांचं काय? निदान चुनखडीच्या खाणीवर एखादा जाणकार तरी नेमा की. आमचा दगड आम्ही म्युझियमला द्यायला तयार आहोत, आईची समजूत काढावी लागेल तेवढी.
– एक वाचक, राजवाडा, इंदूर