माळावर चाकोरी सोडू नका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दिवाळी सरून पहाटेचा गारठा वाढला की सातारा-सांगलीकडच्या अनेक हौशी मंडळींच्या गाड्या कच्छच्या छोट्या रणाकडे नाहीतर जैसलमेरच्या वाळवंटाकडे निघतात. आडवाटांनी हिंडण्याची मलाही आवड आहे आणि हा छंद वाढावा असेच मला वाटते. मात्र वाट सोडून गाडी हाकण्याची आणि पाणवठ्याला खेटून तंबू ठोकण्याची जी सवय काहींना लागली आहे, ती आता माण, आटपाडी आणि जतच्या माळांवरही दिसू लागल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

छोट्या रणातील रानगाढवांचे अभयारण्य सुमारे ४,९५४ चौरस किलोमीटरचे आहे. पावसाळ्यात तेथे पाणी भरते आणि ते ओसरल्यावर सपाट, खारट चिखलाचे मैदान उरते. हिवाळ्यात त्यावर चालताना पृष्ठभाग टणक वाटतो, पण वरचा थर पापडासारखा असतो. तो फुटला की खालचा करडा, ओला गाळ टायरला चिकटून वर येतो आणि मागे वीतभर खोल चर पडतो. मागून येणारा चालक तो चर टाळण्यासाठी बाजूने गाडी घालतो, त्याच्यामागचा आणखी बाजूने, आणि एका चाकोरीच्या पाहता पाहता पाच होतात. रणाच्या सपाटीवर पुढच्या पावसाचे पाणी यातले बरेचसे बुजवून टाकते, परंतु ज्या उंचवट्यांना तिकडे ‘बेट’ म्हणतात आणि जेथे रानगाढवांना चरायला गवत मिळते, तेथे पाणी चढत नाही आणि मोडलेले गवत मोडलेलेच राहते. चित्रफितीसाठी कळपाच्या मागे गाडी पळवणारे लोक तर मी स्वतः पाहिले आहेत. त्या जनावरांना कोरड्या ऋतूत प्रत्येक घोट पाणी आणि प्रत्येक घास गवत शोधावे लागते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसावे.

कोरड्या प्रदेशातील जमीन किती हळू भरून येते, याचा मोठा दाखला अमेरिकेत आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४४ या काळात, कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात रणगाड्यांचे प्रशिक्षण झाले. त्या रणगाड्यांच्या पट्ट्यांच्या खुणा आजही तेथे जमिनीवर दिसतात. तेथील मातीवर शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्म जिवाणूंची एक पातळ साय धरलेली असते. ती माती धरून ठेवते आणि एकदा मोडली की पुन्हा धरायला कित्येक दशके लागतात.

त्याच ॲरिझोनातील कोफा हे वन्यजीव आश्रयस्थान रानमेंढ्यांसाठी १९३९ मध्ये राखले गेले. हिवाळ्यात लोक तेथे खुशाल मुक्काम करतात, पण नियम नेमके आहेत: गाडी ठरलेल्या रस्त्यापासून शंभर फुटांच्या आतच उभी करायची, पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत तंबू ठोकायचा नाही आणि वर्षभरात चौदा दिवसांपेक्षा जास्त राहायचे नाही. यातला पाणवठ्याचा नियम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. कोसभरात एकच पाणवठा असतो आणि तेथे माणसांचा उजेड व आवाज असेल, तर तहानलेले जनावर अंधारात दूर थांबून राहते आणि पहाटे पाणी न पिताच परत फिरते. आपल्याकडे अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही, ही तरतूद १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आहेच.

खरी अडचण आपल्या दारच्या माळांची आहे. माण-खटाव आणि जतचे पुष्कळसे माळ कोणत्याही अभयारण्यात येत नाहीत. काही गायरान आहेत, काहींची सातबाऱ्यावर पोटखराब म्हणून नोंद आहे, आणि पोटखराब म्हटले की तेथे कोणी काहीही करावे असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात हिवाळ्यात दूर उत्तरेकडून येणारे भोवत्या पक्षी अशाच माळांवर दिवसभर गवताला लागून कमी उंचीवर उडत शिकार करतात आणि रात्री झाडावर न बसता उंच गवतात, थेट जमिनीवर, थव्याने विसावतात. रात्री दिवे लावून त्या गवतात गाडी घातली तर तो थवा अंधारात उठतो. चंडोल आणि टिटव्याही जमिनीवरच घरटी करतात, आणि टिटवीची अंडी खड्यांत खड्यासारखी दिसत असल्याने चालकाच्या नजरेला ती पडणे अशक्यच असते. कासच्या पठारावर गाड्या दूर उभ्या करायला लावणे आणि प्रवेशाची नोंदणी करणे सातारकरांना सुरुवातीला जाचक वाटले होते. आज त्यावर फारसे कोणी कुरकुरत नाही.

म्हणून ज्या गावांच्या हद्दीत असे माळ आहेत, तेथील ग्रामपंचायतींनी हिवाळ्याआधी ग्रामसभेत ठराव करून गाडीवाट कोणती आणि मुक्कामाची जागा कोणती हे ठरवावे, दगडांना चुना लावून ती वाट आखावी आणि मुक्कामाची जागा तळ्यापासून किमान चारशे मीटर दूर ठेवावी. वन विभागाने पक्ष्यांच्या रात्रीच्या विसाव्याच्या जागा गावकऱ्यांना दाखवून द्याव्यात. सहली काढणाऱ्या गटांना माझी विनंती आहे की ठरावाची वाट न पाहता त्यांनी या डिसेंबरपासूनच हे पाळावे आणि निघण्यापूर्वी प्रत्येक चालकाला हे नियम समजावून सांगावेत.

आपला,
एक वाचक, विटा (जि. सांगली)